मी राजी म्हणाले

त्या दिवसांत मला कुणी 'तुमचं घर कुठं?' असं विचारलं की माझी पंचाईत व्हायची. आधार कार्डावर बेळगावच्या शहापूरचा पत्ता, राहायला निपाणीजवळ बोरगावच्या अलीकडं आईवडलांकडं, आणि अंगावरच्या साड्यासुद्धा आईच्या. शाळेत मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवणारी बाई मी, पण स्वतःबद्दल एक सरळ वाक्य मला बोलता येत नव्हतं. समोरच्याला वाटायचं, बाई काहीतरी लपवतेय. मी लपवत नव्हते. मला खरंच ठाऊक नव्हतं.

शहापूर माझं सासर. खाली साड्यांचे माग, वर आम्ही. माग चालू असले की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, आणि माझ्या नवऱ्याला हे चांगलं माहीत होतं. वीज गेली आणि माग थांबले की तो लगेच गोड व्हायचा. चहा करून द्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा. शेजारणी पुढं म्हणाल्या, "आमाला कवा काय ऐकूच आलं न्हाय गं बाई," आणि त्या खोटं बोलत नव्हत्या याचाच मला जास्त राग येतो. लग्नाआधी मी बेळगावातच एका शाळेत शिकवत होते. ती नोकरी त्यानं सोडायला लावली. मूल झालं नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांनी भांडणाचं कारण परस्पर ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलंच नाही.

एका दुपारी त्यानं माझा हात असा पिरगाळला की मनगट सुजून कोपरापर्यंत ठणका गेला. मी पिशवीत हाताला लागेल ते भरलं आणि निपाणीची बस धरली. तिकीट काढताना कंडक्टरनं हाताकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. घरी पोचले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "बरं झालं आलीस. चार दिस ऱ्हा. मग मी सोडून येतो." आईनं हळद तापवून मनगटावर लेप घातला आणि काहीच बोलली नाही. आईचं हे न बोलणं मला लहानपणापासून कळत नाही. ते रागाचं आहे, दुःखाचं आहे, की नुसतं थकल्याचं आहे, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

चार दिवसांचे महिने झाले. आप्पांनी सोडायला जायचं नाव काढलं की मी ताप आल्याचं सांगायची. जवळच्या एका मराठी शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी मला घेतलं. पगार फार नव्हता, पण सकाळी उठून कुठंतरी जायचं होतं, आणि वर्गात शिरल्यावर चाळीसभर पोरं उभी राहून नमस्ते म्हणायची. हे मला इतकं आवडायचं की पहिल्या आठवड्यात मी उगाच दोनदा बाहेर जाऊन परत आत आले.

खरं सांगायचं तर त्या काळात मला तो नको होता की फक्त मार नको होता, हेही मला समजत नव्हतं. संध्याकाळी अंगणात बसलं की त्याची आठवण यायची. सणाला त्यानं स्वतः निवडून आणलेली साडी आठवायची, तिचे काठ आठवायचे. मग लगेच मनगट आठवायचं. मी स्वतःवरच चिडायची. बाई, तुला नेमकं काय पाहिजे ते एकदा ठरव, असं मी मनातल्या मनात स्वतःला झापायची, जसं वर्गात पोरांना झापते.

ते ठरवायची वेळ त्यानंच आणली. एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला तो फाटकात येऊन उभा राहिला. आधी नुसता उभा होता. मग मोठ्यानं बोलायला लागला. मी कशी, माझं चारित्र्य कसं, ह्या बाईकडं पोरं पाठवता तुम्ही, असं सगळं. पोरांना न्यायला आलेल्या आया ऐकत होत्या. इथं माग नव्हते. मी स्टाफरूमच्या दाराआड उभी राहिले. तो गेल्यावर मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "बाई, तुमचं शिकवणं चांगलं आहे. पण हे पुन्हा झालं तर मला संस्थेला काय सांगायचं ते सांगा." त्या वाईट नव्हत्या. त्यांना सुद्धा वर कुणीतरी होतंच. पण एवढं एक सकाळी जायचं ठिकाण होतं, ते पण तो आता काढून घेणार होता. मला दुसरं काही नको होतं. तो माझ्या दारात आणि शाळेच्या फाटकात येता कामा नये, बस.

मी पोलिसांत गेले. आप्पा बरोबर आले, पण बाहेर गाडीजवळच उभे राहिले. आत सांगितलं, तर म्हणाले, मारहाण शहापूरला झाली ना, मग तिकडं जा. तिकडं गेले, तर म्हणाले, आता तुम्ही राहता तिकडं, आणि तमाशाही तिकडच्या शाळेत झाला, मग इकडं कशाला आलात? अशी टोलवाटोलवी झाल्यावर मी पुन्हा पहिल्या ठिकाणी आले आणि बाकावर बसून राहिले. उठणारच नाही म्हणाले. माझ्यात एवढा हट्ट आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटी एका हवालदारबाईंनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही पार्ट्यांना बोलावून घेतो म्हणून सांगितलं. 'पार्ट्या' हा त्यांचा शब्द. आपण एक पार्टी आहोत हे ऐकून मला विचित्र वाटलं, आणि जरा बरंही.

आता माझ्या कन्नडबद्दल सांगायला हवं. ते अजिबात येत नसतं तर किती बरं झालं असतं! मी सरळ कुणीतरी सांगणारं माणूस मागितलं असतं. पण आमच्याकडं सगळ्यांना येतं तसं मलाही बाजारापुरतं येतं. भाजीचा भाव करता येतो, बस कुठली ते विचारता येतं, शेजारणीच्या पोराची चौकशी करता येते. त्यामुळे मला वाटतं, मला येतं. समोरचा भराभर बोलायला लागला की मी ओळखीचे शब्द वेचते आणि मधल्या जागा आपल्या मनानं भरते. आमच्याकडचे निम्मे व्यवहार ह्याच पद्धतीनं चालतात, आणि बहुतेक वेळा निभावतात.

ठरलेल्या दिवशी मी गेले तेव्हा नवरा आणि माझे थोरले दीर आधीच येऊन बसले होते. नवरा इस्त्रीच्या शर्टात, मान खाली घालून. हवालदारबाई त्यांच्याशी कन्नडात बोलत होत्या, कधी दरडावून, कधी समजावून. मग माझ्याकडं वळल्या. त्या दयाळू होत्या, हे मी आजही म्हणते. आधी म्हणाल्या, "हेदरब्याडरी," म्हणजे घाबरू नका. पुढं बरंच काही बोलल्या. त्यातले मला कळलेले शब्द असे: केस, कोर्ट, वकील, त्रास, वर्षं. त्या बोलत होत्या तोवर मी मान हलवत होते. शेवटी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून हळूच विचारलं, "राजी आगतीरेन्री?"

हा शब्द तर माझ्या घरचा होता! राजी. तुम्ही राजी आहात का? केस करायला, कोर्टात जायला, वर्षं घालवायला, त्रास सोसायला तुम्ही तयार आहात का, असं बाई विचारतायत, असं मी धरलं. मला आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला काय हवंय ते विचारत होतं. मी ताठ बसले आणि म्हणाले, "राजी." आवाज बारीक आला असं वाटून पुन्हा म्हणाले, "राजी, राजी."

खोलीतली हवाच बदलली. हवालदारबाई हसल्या आणि म्हणाल्या, "छलो आत्री," म्हणजे चांगलं झालं. मला वाटलं, माझ्या धीराचं कौतुक करतायत. दीर उठून उभे राहिले, त्यांनी मला हात जोडले. मला वाटलं, घाबरले. नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि तो हसला. ते हसणं मात्र कुठंच बसेना. कोर्टाची वाट दाखवल्यावर माणूस हसतो का? मी कन्नडात लिहिलेल्या कागदावर मराठीत सही केली आणि बाहेर येऊन आप्पांना म्हणाले, "झालं. आता केस होणार." त्यांनी गाडीला किक मारली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या दारात भाड्याची मोटार थांबली. आई भाकऱ्या थापत होती. मी वह्या तपासत बसले होते. मोटारीतून थोरले दीर उतरले, मग नवरा. दिरांच्या हातात बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबा आणि साडीची पिशवी. मला काही म्हणता काही उमगेना. केस केलेल्या बाईच्या घरी कुंदा घेऊन कोण येतं? क्षणभर वाटलं, असं करायची काहीतरी रीत असेल, कोर्टात उभं राहण्याआधी भेटून जायची. माझं डोकं इतकं भंजाळलं होतं की मी उठून त्यांना पाणी दिलं.

दीर आप्पांशी बोलायला लागले. पाऊसपाणी झालं, उसाचं झालं. मग म्हणाले, "आवराय सांगा तिला. गाडी लवकर सोडायची हाय."

"कुठं आवरायचं?" मी विचारलं.

"घरला. आनि कुठं?"

"मी येणार नाही. मी केस केलीय."

दीर आप्पांकडं बघून हसले. "आता हे काय आनि? ठाण्यात सगळ्यांम्होरं तूच बोल्लीस न्हवं, राजी म्हणून? एकदा न्हाय, लईंदा बोल्लीस."

आप्पा माझ्याकडं वळले. "बोललीस का न्हाय?"

"बोलले. पण—"

"बोललीस न्हवं? मग आता मागं फिरून माझी अब्रू घालवतीस व्हय?"

ते सगळे एकच शब्द बोलत होते, मी पण तोच बोलत होते, आणि आमचं एकमेकांना काही कळत नव्हतं. मी म्हणत होते, राजी म्हणाले म्हणजे तयार आहे म्हणाले. ते म्हणत होते, तेच तर आम्ही म्हणतोय. त्या गडबडीत मला स्वतःचीच शंका यायला लागली. मी खरंच परत जायला हो म्हणाले होते का? मनात कुठंतरी तसं होतं म्हणून तोंडातून निघालं का? ती काठाची साडी मला आठवत होतीच की. एवढी माणसं एकमतानं सांगतायत म्हणजे चूक माझीच असणार, असं मला वाटायला लागलं. मी बॅग भरायला आत गेले. हे लिहिताना सुद्धा मला ते पटत नाही, पण गेले खरी.

नवरा माझ्या मागून आत आला. सगळ्या वेळात तो एक अक्षर बोलला नव्हता. तो दाराशी उभा राहिला आणि अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाला, "चल. तिकडं गेल्यावर बघतो तुला." माझे हात जागच्या जागी थांबले. पण मी काही बोलायच्या आधीच चुलीकडून आई उठली. ती मधल्या अंधाऱ्या खोलीतून आली, तिच्या हाताला अजून पीठ होतं. त्यानं तिला पाहिलं नव्हतं. तिनं मात्र ऐकलं होतं. ती त्याच्या अंगावरून बाहेर सोप्यात गेली आणि दिरांना म्हणाली, "माजी लेक यायची न्हाय. तुमी निगा."

"आवो, पर ती राजी—"

"मी न्हाय राजी. कुंदा उचला."

आप्पांनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि त्यांनी ते मिटलं. माझ्या आयुष्यात मी एवढी गांगरलेली आणि एवढी सुखी एकाच वेळी कधी झाले नव्हते. मोटार गेल्यावर आई परत तव्याशी बसली. करपलेली भाकरी तिनं म्हशीसाठी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी आप्पाच म्हणाले, "चल, कोर्टात विचारून येऊ." आप्पांना निपाणीचं कोर्ट बांधाच्या भांडणामुळं चांगलं पाठ होतं. कुठल्या जिन्यानं वर गेलं की कोण भेटतं, चहा कुठं बरा, सगळं. त्यांनीच कुणाकुणाला विचारून मला गरिबांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो त्या खोलीपर्यंत नेलं. मी दारातच म्हणाले, मला पगार आहे, मी गरिबात बसत नाही. आतल्या वकीलबाई म्हणाल्या, "बाईला पगार बघत न्हाईत. बसा." वयानं त्या माझ्यापेक्षा लहान असाव्यात. बेळगावच्या कॉलेजात शिकलेल्या, तोंडानं मराठी आणि हातानं कन्नड एकाच वेळी चालवणाऱ्या.

मी सगळं सांगितलं. मनगट, माग, शाळेचं फाटक, ठाणं. 'राजी'शी आले तेव्हा त्यांचं लिहिणं थांबलं.

"थांबा. तुमी राजी म्हणालात?"

"हो. तीनदा."

"कशाला?"

"केस करायला तयार आहे म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "अवो बाई, कन्नडात राजी म्हंजे समझोता. तडजोड. ठाण्यात, कोर्टात, सगळीकडं. तुमाला इचारलं, मिटवून घेताय काय? आनि तुमी म्हणालात, मिटवते, मिटवते, मिटवते."

आप्पा भिंतीकडं बघत होते. मी मराठी शिकवणारी बाई. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्यात उपयोग करा. राग आला तो कुणावर काढावा तेही समजेना. हवालदारबाईंवर? त्यांनी तर नीट विचारलं होतं. भाषेवर? तिनं काय करायचं? एकच शब्द दोन भाषांनी वाटून घेतला होता आणि मी नेमकी त्या दोघींच्या मधल्या बांधावर उभी होते. सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. मी खुर्चीत बसून, घाबरत, मिटवायला राजी आहे म्हणाले यात खोलीतल्या एकालाही काही नवल वाटलं नव्हतं. सगळ्यांना तेच अपेक्षित होतं. केस करते म्हणाले असते तर मात्र त्यांनी दोनदा विचारलं असतं.

वकीलबाईंनी मग मला शांतपणे सांगितलं. घरातल्या मारहाणीचा वेगळा कायदा आहे. त्यात मी आता राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, शहापूरला खेपा घालायचं कारण नाही. सरकारचा एक संरक्षण अधिकारी असतो, तो माझी हकीगत लिहून घेईल. आणि निकाल लागायची वाट न बघता कोर्ट नवऱ्याला आधीच मनाई करू शकतं. मी म्हणाले, "पण मी तर तडजोडीवर सही केलीय." त्या म्हणाल्या, "ते मी बगते. तुमी एक करा. कोर्टात कन्नड येतंय म्हणू नका."

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्या भागात सरकारी खोलीत उभं राहून 'मला कन्नड येत नाही' म्हणणं म्हणजे काहीतरी बाजू घेतल्यासारखं होतं. लोक लगेच तुम्हाला कुठल्या तरी मोर्चात उभं करतात. मला कुठल्याच मोर्चात जायचं नव्हतं. मला फक्त समजून घ्यायचं होतं की मला काय विचारलं जातंय. अर्ज दाखल झाला, तारीख पडली, आणि तिच्या आदल्या दिवशी दिवसभर मी ते वाक्य मनात घोकत होते.

तारखेला आई पण आली. नवऱ्याच्या बाजूनं वकील उभे राहिले आणि म्हणाले ते वकीलबाईंनी मला कानात सांगितलं: बाईंनी स्वखुशीनं समझोता केलाय, आता माहेरचे अडवतायत. न्यायाधीश दक्षिणेकडचे होते, त्यांचं कन्नड रेडिओवरच्या बातम्यांसारखं. त्यांनी मला काहीतरी विचारलं. त्यात दोन शब्द ओळखीचे होते आणि मान माझी आपोआप हलायला निघाली. मी ती धरून ठेवली.

"साहेब," मी मराठीत म्हणाले, "मला कन्नड येत नाही. मला कळेल असं विचारा."

कुणी भांडलं नाही. न्यायाधीशांनी वकीलबाईंकडं बोट केलं आणि त्या सांगायला लागल्या. राजी म्हणालात का? म्हणाले. का म्हणालात? मी सांगितलं की आमच्या मराठीत राजी म्हणजे तयार. लग्नाला मुलगी राजी असते, पोरगं शाळेत जायला राजी नसतं. मी तक्रार करायला राजी होते. वकीलबाई हे कन्नडात सांगत होत्या तेव्हा मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी वकीलबाईंकरवी विचारलं, "मग आता तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

इतके महिने मला ज्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं तोच प्रश्न भर कोर्टात, सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर आला होता. मी आईकडं बघितलं, ती साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. मला तो आवडत होता की नाही, मला तो माणूस म्हणून हवा होता की नाही, हे मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. पण ते कोर्टानं विचारलंच नव्हतं.

"तो मला मारतो," मी म्हणाले. "मला त्याची भीती वाटते. त्यानं आमच्या घरी येऊ नये, शाळेत येऊ नये. मला नोकरी करू द्यावी."

हे मी कुणाच्या शब्दांत न अडकता बोलले. मला रडू आलं, तरी वाक्य पूर्ण झालं. नवरा जमिनीकडं बघत होता. आईनं स्वयंपाकघरात ऐकलेलं 'तिकडं गेल्यावर बघतो तुला' हे वाक्य वकीलबाईंनी अर्जात घातलेलं होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं.

आदेशाची प्रत हातात यायला दुपार उलटली. आप्पा चहा आणायला गेले होते. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी, आई आणि वकीलबाई बसलो. कागद कन्नडात होता. मी तो वकीलबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, सगळा वाचा, एक ओळ सोडू नका. त्या एकेक ओळ बोटानं दाखवत मराठीत सांगत गेल्या. त्यानं माझ्यावर हात उगारायचा नाही. त्यानं मी राहते त्या घरी यायचं नाही. त्यानं शाळेत किंवा शाळेच्या आसपास यायचं नाही. फोन करून, माणसं पाठवून त्रास द्यायचा नाही. पुढचा हुकूम होईपर्यंत. मोडलं तर गुन्हा.

त्या थांबल्या. मी वाट बघत राहिले. त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमचं काय?"

"मी कुठं जायचं नाही ते कुठं लिहिलंय?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांनी घातलेली घडी उलगडली आणि मला दिसेल असा कागद धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत पुन्हा बोट फिरवलं.

"तुमच्यावर ह्यात कायबी न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "तुमी कुठंबी जावा."

शेजारी बसलेल्या आईला वर्दळीत नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय म्हंत्यात गं त्या?" मी वकीलबाईंना म्हणाले, "तेवढं शेवटचं पुन्हा एकदा सांगा. आईला पण ऐकू दे."